गॅस गिझरची सुरक्षित जोडणी आणि धुराड्याची निगा

मराठवाड्यातील जुन्या वाड्यांत आणि माळवदाच्या घरांत आंघोळीचे पाणी तापविण्याची जागा आणि आंघोळीची जागा या बहुधा वेगवेगळ्या असत. परसात किंवा पडवीच्या कोपऱ्यात तांब्याचा बंब पेटविला जाई. त्यातील कढत पाणी घंगाळात काढून न्हाणीत नेले जाई. बंबाची रचना आठवून पाहिली, तर त्याच्या पोटातून वर निघालेली नळी डोळ्यांपुढे येते. खाली विस्तव, वर धूर जाण्याची वाट आणि भोवती पाणी, असे ते साधे यंत्र होते. ती नळी म्हणजे बंबाचे धुराडेच होय. जाळ कोठेही करा, पण धुराला वाट ठेवा, ही गोष्ट आपल्या आज्यांना कोणी शिकविली नव्हती. डोळ्यांत धूर गेला की ती आपोआप कळत असे.

आज लातूर आणि नांदेड या शहरांत, आणि आता तालुक्याच्या गावांतूनही, बंबाची जागा गॅस गिझरने घेतली आहे. या बदलाची कारणे समजण्याजोगी आहेत. २००५ नंतरच्या काही वर्षांत मराठवाड्याने दीर्घ भारनियमन अनुभवले. पहाटे वीज असेलच याची खात्री नसताना, केवळ दोन बॅटऱ्यांवर पेटणारे आणि तोटी उघडताच गरम पाणी देणारे हे उपकरण लोकांना सोयीचे वाटले. २०१६ पासून उज्ज्वला योजनेमुळे स्वयंपाकाचा गॅस खेड्यांतील घरांतही पोहोचला आणि गॅस वापरण्याची सवय सर्वत्र झाली. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर तर या भागातील घरबांधणीच बदलली. दगडमातीच्या जाड भिंती आणि धाब्याचे झरोके मागे पडले. त्यांच्या जागी काँक्रीटचे छत आणि घट्ट बसणारी दारे-खिडक्या आल्या. नव्या घरात न्हाणीघर आत आले आणि गिझरच्या रूपाने विस्तवही त्याच बंद खोलीत आला. धुराडे मात्र पुष्कळ ठिकाणी मागेच राहिले.

गेल्या जानेवारीत लातूर येथे एका परिचित सेवानिवृत्त शिक्षकांकडे जाण्याचा योग आला. त्यांनी घराच्या वरच्या मजल्यावर चार खोल्या काढून त्या विद्यार्थ्यांना भाड्याने दिल्या आहेत. बोलता बोलता गुरुजी म्हणाले, की वरची मुले फार नाजूक. सकाळी आंघोळ करून आले की एखाद्याला घेरी येते, एकाला तर परवा उलटी झाली. उपाशीपोटी पहाटे उठणे आणि परीक्षेचा ताण, असे त्यांनी त्याचे निदान केले होते. मी न्हाणीघर पाहावयास मागितले. दाराच्या वरच्या बाजूला गॅस गिझर बसविलेला होता. झरोक्याला थंडीसाठी काच लावून ती चिकटपट्टीने बंद केली होती. गिझरच्या माथ्यावर धूर बाहेर जाण्यासाठी जे गोल तोंड असते, ते उघडेच होते. "याची नळी कोठे आहे, गुरुजी?" असे विचारले, तेव्हा ते म्हणाले, "ती होय? ती खोक्यातच आहे, माळ्यावर. बसविणारा म्हणाला, नाही लावली तरी चालते. आणि साहेब, गॅसचा वास कधीच आला नाही हो आमच्याकडे."

गुरुजींच्या या शेवटच्या वाक्यात या विषयातील सर्वांत मोठा गैरसमज सामावलेला आहे. त्यासाठीच हा लेख लिहिण्याचे योजिले.

जळलेल्या वायूला वास नसतो

गॅसच्या धोक्याविषयी आपल्याकडे जे लोकशिक्षण झाले, ते जवळजवळ सर्व गळतीविषयी झाले. सिलिंडरमधील वायू गळला तर तो कळावा म्हणून त्यात मरकॅप्टन नावाचे उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळलेले असते. वास आला की रेग्युलेटर बंद करा, दिव्याचे बटण दाबू नका, खिडक्या उघडा, या सूचना आता शाळकरी मुलांनाही पाठ आहेत. त्या योग्यच आहेत. परंतु त्या न जळलेल्या वायूला लागू पडतात. गिझरच्या ज्योतीत वायू जळतो, त्याबरोबर मरकॅप्टनही जळून जाते. त्यानंतर जे काही उरते त्याला वास नाही, रंग नाही आणि डोळ्यांना झोंबण्याचा गुणही नाही.

वायू पूर्णपणे जळाला, तर त्यापासून कार्बन डाय-ऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते. ज्योतीला पुरेसा प्राणवायू मिळाला नाही, तर ज्वलन अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निर्माण होतो. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूला जितक्या ओढीने धरून ठेवते, त्याच्या दोनशे पटींहून अधिक ओढीने ते या विषाला धरते. त्यामुळे हवेत तो अगदी अल्प असला तरी रक्तातील जागा भराभर अडवितो. हवेच्या दहा हजार भागांत त्याचे सोळा भाग असले, तर सुमारे वीस मिनिटांत डोके दुखू लागते, घेरी येते, मळमळते. हेच प्रमाण हजार भागांत सहा-सात भागांवर गेले, तर तितक्याच अवधीत मृत्यू ओढवू शकतो. या विषाचा आणखी एक घातक विशेष असा, की ते प्रथम पायांतील बळ आणि मनातील निर्णयशक्ती हिरावून घेते. काहीतरी बिघडले आहे हे आतील माणसाला कळते, पण उठून कडी काढणे त्याच्याने होत नाही.

मार्च २०२३ मध्ये होळीच्या दिवसांत मुंबईच्या घाटकोपर भागात एक दांपत्य न्हाणीघरात मृतावस्थेत आढळले. गॅस गिझरमुळे गुदमरून हा मृत्यू झाला असावा, असा संशय त्या वेळी व्यक्त झाला. अशा बातम्या दर हिवाळ्यात कोठून ना कोठून येतात. बातमी होत नाहीत ती गुरुजींच्या घरातल्यासारखी घेरी आणि उलटी. भारतातील मज्जाविकारतज्ज्ञांनी गेल्या दोन दशकांत 'गॅस गिझर सिंड्रोम' या नावाने अशा रुग्णांची वर्णने केली आहेत. हे रुग्ण न्हाणीघरात बेशुद्ध पडलेले किंवा झटके येत असलेले सापडले. त्यांपैकी काहींना प्रथम फेपरे समजून औषधे सुरू करण्यात आली होती. शिक्षकांनी आणि पालकांनी एवढे ध्यानात ठेवावे, की ज्या मुलाला पूर्वी कधी झटका आला नाही त्याला तो न्हाणीघरातच आला, तर डॉक्टरांना गिझरविषयी आवर्जून सांगावयास हवे.

पाच बाय सहा फुटांचे गणित

दार किंचित उघडे ठेवले की झाले, किंवा दहा मिनिटांत काय होणार, असे पुष्कळजण म्हणतात. म्हणून थोडे गणित मांडून पाहू. लहान घरगुती गिझर मिनिटाला सुमारे ६ लिटर पाणी देतो. थंडीत त्या पाण्याचे तापमान २५ अंशांनी वाढवावयाचे, तर मिनिटाला १५० किलोकॅलरी उष्णता लागते. काही उष्णता वाया जाते ती धरली, तर तासाला जवळजवळ एक किलो गॅस जळतो. ओट्यावरील शेगडीचा मोठा बर्नर तासाला दोनशे ग्रॅमही जाळीत नाही. म्हणजे भिंतीवरची ही छोटी पेटी चार-पाच मोठ्या बर्नरांइतकी आग आहे. पाच मोठे बर्नर पेटवून, दारे-खिडक्या लावून, त्या खोलीत आंघोळीला बसण्यास कोणीही तयार होणार नाही. गिझरची ज्योत झाकलेली असते म्हणून ते भय वाटत नाही, इतकेच.

एक किलो गॅस नीट जळण्यास सुमारे १२ घनमीटर हवा लागते. पाच फूट रुंद, सहा फूट लांब आणि नऊ फूट उंच न्हाणीघरात सगळी मिळून साडेसात घनमीटर हवा मावते. दहा मिनिटे गिझर चालला, म्हणजे तीन-चार बादल्या पाणी घेतले, तर जवळजवळ दोन घनमीटर हवेतील प्राणवायू संपतो. बाहेरून नवी हवा आलीच नाही असे धरले, तर खोलीतील प्राणवायूचे प्रमाण एकवीस टक्क्यांवरून सोळा टक्क्यांच्या जवळ येते. ज्योत बिघडून विषारी वायू वाढू लागतो तो याच्या बऱ्याच आधी. दुसरा माणूस लगेच आत गेला तर तो या बिघडलेल्या हवेतच आंघोळ सुरू करतो. भाड्याच्या खोल्यांत सहा मुले एकामागून एक आंघोळ करतात. पहिल्याला काही होत नाही, चौथ्याला घेरी येते आणि तोच नाजूक ठरतो.

लातूरचा उल्लेख येथे सकारण केला आहे. 'लातूर पॅटर्न'च्या लौकिकामुळे राज्याच्या दूरदूरच्या जिल्ह्यांतून मुले-मुली तेथे शिकण्यास येतात आणि घरमालकांच्या खोल्यांत राहतात. नांदेडलाही तीच स्थिती आहे. शिवाय सचखंड गुरुद्वाऱ्याच्या दर्शनासाठी तेथे देशभरातून यात्रेकरू येतात आणि लॉजमध्ये उतरतात. या सर्वांना न्हाणीघरातील यंत्र निवडण्याचा अधिकार नसतो. ते कोणी आणि कसे बसविले, हेही त्यांना ठाऊक नसते.

गिझर कोठे बसवावा

लंडनच्या बेंजामिन वॅडी मॉन यांनी १८६८ मध्ये तत्काळ पाणी तापविणारे गॅसचे यंत्र काढले आणि आइसलंडमधील उष्ण पाण्याच्या कारंज्यावरून त्याला 'गिझर' हे नाव दिले. त्या पहिल्या यंत्राला धुराडे नव्हते. पुढे ब्रिटनमध्ये १९९८ च्या गॅस सुरक्षा नियमांनी असे ठरविले, की न्हाणीघरात गॅसचे उपकरण नव्याने बसवावयाचे तर ते खोलीच्या हवेशी संबंध नसलेले, म्हणजे बाहेरून हवा घेऊन बाहेरच धूर सोडणारे बंदिस्त उपकरणच असले पाहिजे. ज्या देशात गिझर जन्मला त्या देशाने सव्वाशे वर्षांच्या अनुभवातून हा धडा घेतला. आपल्या बाजारात मिळणारे बहुतेक छोटे गिझर या बंदिस्त प्रकारचे नाहीत. ते ज्या जागेत टांगलेले असतात तिथलीच हवा घेतात.

म्हणून पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा नियम असा, की गिझर न्हाणीघराच्या आत बसवूच नये. तो बाहेरच्या भिंतीवर, मागील मोकळ्या ओट्यावर किंवा उघड्या गॅलरीत, छज्जाखाली पावसापासून आडोसा पाहून बसवावा आणि केवळ गरम पाण्याची नळी आत न्यावी. ज्योत साधारणतः डोळ्यांच्या उंचीवर यावी, म्हणजे तिचा रंग दिसतो. मात्र बाहेर बसविला म्हणून वाटेल तेथे बसवून चालत नाही. झोपण्याच्या खोलीच्या किंवा न्हाणीघराच्या खिडकीखाली तो असू नये, नाहीतर बाहेर सोडलेली हवा खिडकीतून पुन्हा आत येते. सदनिकांच्या इमारतींत न्हाणीघरांचे झरोके ज्या अरुंद उभ्या पोकळीत उघडतात, ती पोकळी म्हणजे बाहेरची मोकळी हवा नव्हे. तळमजल्यावरच्या गिझरचा धूर तीत सोडला, तर तो दुसऱ्या मजल्यावरील शेजाऱ्याच्या न्हाणीघरात जातो. ज्या न्हाणीघराची एकही भिंत बाहेरच्या बाजूस नाही, तेथे गॅस गिझरचा विचारच सोडून द्यावा.

यावर लातुरात एक आक्षेप हमखास ऐकू येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. गिझर दूर बसविला तर नळीतील थंड पाणी आधी निघून जाते, ते वाया जाते. एप्रिल २०१६ मध्ये ज्या शहरासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या शहरातील गृहिणीला पाण्याचा प्रत्येक तांब्या मोलाचा वाटला तर नवल नाही. पण हे पाणी किती असते? अर्धा इंच व्यासाच्या पाच मीटर लांब नळीत साधारण एक लिटरच पाणी राहते. ते बादलीत धरून कपड्यांना वापरता येते. एक लिटर पाण्यासाठी विस्तव न्हाणीघरात आणण्याचे कारण नाही.

धुराड्यासंबंधी

काही गिझरांना माथ्यावर गोल तोंड असते, काहींना नसते. नसलेला गिझर पूर्णपणे उघड्या हवेतच लावावयाचा असतो. तोंड असलेला गिझर ओट्याच्या बंदिस्त भागात किंवा एखाद्या सेवाखोलीत बसविला असेल, तर धुराडे जोडल्यावाचून तो एक दिवसही चालवू नये. गुरुजींच्या माळ्यावर खोक्यात राहिलेली नळी ही शोभेची वस्तू नव्हती. तिच्याशिवाय ते यंत्र अपुरेच होते.

धुराड्याचे काम समजून घेतले की त्याचे नियम पाठ करावे लागत नाहीत. तापलेला वायू हलका असल्याने वर चढतो आणि या चढण्यातून जी ओढ निर्माण होते, तीच त्याला बाहेर नेते. ही ओढ फार दुबळी असते. म्हणून गिझरच्या तोंडापासून नळी प्रथम किमान एक-दोन फूट सरळ वर न्यावी आणि मगच वळवावी. आडवा भाग शक्य तितका आखूड ठेवावा व तो बाहेरच्या दिशेला किंचित चढता असावा. उतरता ठेवला तर धूर मागे फिरतो. वळणे दोनांहून अधिक नसावीत. नळीचा व्यास गिझरच्या तोंडापेक्षा कोठेही कमी होता कामा नये. भिंतीबाहेर काढलेल्या टोकाला वारा आणि पाऊस अडविणारी टोपी व पाखरे शिरू नयेत म्हणून जाळी असावी.

नळी धातूची असावी. आपल्याकडे नळजोडणी करणारे कारागीर हाताशी असलेली पीव्हीसीची नळी लावून मोकळे होतात. बाहेर पडणारा वायू बराच तापलेला असतो. त्याने प्लास्टिक मऊ पडते, लोंबते आणि सांधा सुटतो. सुटलेला सांधा छतालगत असतो, म्हणून महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षात येत नाही.

आणखी एक बाब प्रथमदर्शनी उलटी वाटेल अशी आहे. हवा खेळती राहावी म्हणून लोक खोलीत एक्झॉस्ट पंखा बसवितात. नुसत्या न्हाणीघरात तो उपयोगी आहे. परंतु ज्या बंद खोलीत धुराड्याचा गिझर आहे, तेथे हा पंखा घातक ठरू शकतो. पंखा खोलीतील हवा बाहेर फेकतो, तिची भरपाई कोठून तरी व्हावयास हवी, आणि दारे-खिडक्या बंद असतील तर ती धुराड्यातून होते. बाहेर जाणारा धूर त्यामुळे उलटा आत ओढला जातो. हवा आत येण्याची वाट मोठी आणि कायमची उघडी असल्याशिवाय पंखा लावू नये. अशा खोलीच्या बाहेरच्या भिंतीत जमिनीलगत एक आणि छतालगत एक, अशा सहा बाय आठ इंचांच्या दोन जाळ्या ठेवाव्यात. त्यांना काच नको, झडप नको. थंडीत त्या कापडाने बुजविल्या जाणार नाहीत, हे घरातील कर्त्या व्यक्तीने पाहावे.

धुराडे ओढते की नाही, हे पाहण्यास कोणतेही यंत्र लागत नाही. खोलीची दारे-खिडक्या लावावीत, घरातील पंखे नेहमीप्रमाणे चालू ठेवावेत, गिझर पेटवून पाच मिनिटे थांबावे आणि मग त्याच्या माथ्यावरील फटीजवळ पेटलेली उदबत्ती धरावी. धूर आत ओढला गेला तर ठीक. तो तेथेच रेंगाळला किंवा खोलीत पसरला, तर गिझर तत्काळ बंद करावा. या परीक्षेपूर्वी सांध्यांवर साबणाचे पाणी लावून गॅसची गळती नाही याची खात्री करून घ्यावी, हे वेगळे सांगावयास नको.

सिलिंडर, नळी आणि पाणी

सिलिंडरमधील वायू हवेपेक्षा जड असल्याने तो गळला तर खाली साचतो. म्हणून सिलिंडर खड्ड्यात, तळघरात किंवा सांडपाण्याच्या मोरीजवळ ठेवू नये. तो सपाट जागी उभाच असावा. रबरी नळी भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह असलेली, दीड मीटरहून लांब नसलेली आणि सबंध दिसणारी असावी. पाच वर्षांनी, किंवा भेगा दिसल्यास त्याआधीच, ती बदलावी. ती भिंतीतून किंवा दाराच्या फटीतून नेऊ नये. अंतर जास्त असेल तर धातूची नळी टाकून घ्यावी. शेगडी आणि गिझर एकाच सिलिंडरला 'टी' लावून चालविण्याची पद्धत सोडावी. गिझर पेटताच शेगडीची ज्योत खाली बसते आणि मंद ठेवलेली असेल तर विझतेही. थंडीच्या पहाटे सिलिंडरमधून पुरेसा वायू निघत नाही, तेव्हा काहीजण तो गरम पाण्यात ठेवतात किंवा आडवा करतात. हे दोन्ही प्रकार अतिशय धोक्याचे आहेत. वसतिगृहे आणि लॉज यांनी घरगुती सिलिंडर वापरणे नियमबाह्य असून त्यांच्यासाठी १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर आहे.

उपकरण विकत घेताना भारतीय मानक आयएस १५५५८ चा क्रमांक पाहावा. ज्योत विझल्यास गॅस आपोआप बंद करणारी आणि प्राणवायू घटल्यास गिझर थांबविणारी अशा दोन सोयी आहेत का, हे विचारावे. पुष्कळ गिझर सलग वीस मिनिटांनंतर आपोआप बंद होतात. तो बिघाड समजून कारागिराकडून ती सोय काढून टाकल्याचे मी पाहिले आहे. असे कदापि करू नये.

कूपनलिकांचे जड पाणी हा या दोन्ही जिल्ह्यांचा जुना प्रश्न आहे. त्या पाण्याचा क्षार गिझरमधील तांब्याच्या नळीत आतून साचतो, हे सर्वांना माहीत असते, कारण पाणी कमी येऊ लागते. बाहेरून, म्हणजे ज्योतीच्या बाजूने, तांब्याच्या पात्यांवर साचणारी काजळी मात्र दिसत नाही. ती साचली की धूर वर जाण्याच्या फटीच बुजतात. ज्योत निळी असावयास हवी. ती पिवळी किंवा तांबूस दिसू लागली, गिझरच्या तोंडाभोवती काळे पडले किंवा भिंतींवर नेहमीपेक्षा अधिक दव जमू लागले, तर सफाई होईपर्यंत वापर थांबवावा.

कोणी आत पडल्यास

आतून उत्तर आले नाही तर वाट पाहू नये. प्रथम बाहेरून गॅस बंद करावा, दार उघडावे किंवा तोडावे, आणि माणसाला मोकळ्या हवेत आणावे. मदत करणाऱ्याने आत रेंगाळू नये. तीच हवा त्यालाही बाधते. श्वास चालू नसेल तर छातीवर दाब देणे सुरू करून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. माणूस शुद्धीवर येऊन बरे वाटते म्हणाला तरी त्याला रुग्णालयात न्यावयासच हवे. साध्या हवेत हे विष निम्म्यावर येण्यास चार ते सहा तास लागतात. मुखवट्याने शुद्ध प्राणवायू दिला तर तास-दीड तासात ते तितके उतरते. नांदेड येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूर येथील विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था ही मोठी शासकीय रुग्णालये आहेत. पण प्राणवायूची सोय असलेले जवळचे रुग्णालय प्रथम गाठावे.

कोविडच्या काळापासून घरोघरी बोटाला लावण्याचे ऑक्सिमीटर आले आहेत. या विषबाधेत त्यांच्यावर विसंबू नये. कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले रक्त त्या यंत्राला प्राणवायूने भरलेल्या रक्तासारखेच भासते आणि ते ९८ असा आकडा दाखवीत राहते. त्या आकड्यावर समाधान मानून रुग्णाला घरी निजवून ठेवणे प्राणघातक ठरेल.

न्हाणीघराच्या दाराविषयीही दोन शब्द. दार आत उघडणारे असेल, तर पडलेल्या माणसाच्या अंगाने ते अडते. नवीन बांधकामात ते बाहेर उघडणारे करावे आणि कडी बाहेरूनही नाण्याने फिरविता येईल अशी बसवावी.

तपासणी कोणी व केव्हा करावी

या कामासाठी नवी यंत्रणा उभारण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. शासकीय विश्रामगृहे, आश्रमशाळा, कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयांची वसतिगृहे आणि खाजगी वसतिगृहे येथील गिझर पाहण्यास संबंधित अधिकाऱ्याला पंधरा मिनिटे आणि एक उदबत्ती पुरे. ग्रामपंचायत सदस्यांनी गावातील नळकारागिरांना एकदा एकत्र बोलावून धुराड्याचा विषय समजावून द्यावा. गिझर बहुधा तेच बसवितात आणि नळी खोक्यात राहू देणारेही तेच असतात. मुले लातूर-नांदेडला शिकण्यास जातात त्या गावांतील शिक्षकांनी पालकसभेत एवढेच सांगावे, की खोली पाहताना भाडे आणि खानावळ यांच्याबरोबर न्हाणीघरही पाहून या. आत गॅसचा गिझर दिसला तर घरमालकाला तो बाहेर हलविण्यास सांगा. ज्यांच्या घरावर मोकळे छत आहे त्यांच्यासाठी सौर उष्णजल संयंत्र हा मराठवाड्याच्या उन्हात उत्तम पर्याय आहे. त्यात ज्योतच नाही.

तपासणीचा योग्य काळ म्हणजे दिवाळीच्या आधीचा आठवडा. उन्हाळा आणि पावसाळा गिझर बंद असतो. तेवढ्या अवधीत धुराड्याच्या तोंडाशी गांधीलमाश्या पोळे करतात, चिमण्या काड्या भरतात. आणि मग नरकचतुर्दशीच्या पहाटे, तेल-उटणे लावलेली लहान मुले, माहेरी आलेल्या लेकी, पाहुणे असे सगळे घर थंडीमुळे दारे लावून एकापाठोपाठ एक अभ्यंगस्नान करते. वर्षातील सर्वांत दीर्घ वापर हा असा पहिल्याच दिवशी होतो. त्यापूर्वी टोपी काढून धुराडे आतून पाहावे, तळाशी पडलेला कचरा झाडावा, रबरी नळीवरील वर्ष वाचावे आणि उदबत्तीची परीक्षा पुन्हा घ्यावी. गॅसगळतीच्या तक्रारीसाठी असलेला १९०६ हा क्रमांक आणि रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक गिझरशेजारी रंगाने लिहून ठेवावेत.

गुरुजींकडील गिझर त्याच आठवड्यात मागच्या गॅलरीत गेला. माळ्यावरची नळी मात्र त्यांनी अद्याप जपून ठेवली आहे. उघड्या गॅलरीत ती लागत नाही, तरी आलेल्या-गेलेल्या घरमालकांना दाखविण्यास ती उपयोगी पडते, असे त्यांचे म्हणणे.